शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळा : मैदानाची मिळकत आणि फेराची उपेक्षा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मुंबईच्या उपनगरांपासून फार दूर नाहीत. मध्य रेल्वेची लोकल आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके घेत थेट कसाऱ्यापर्यंत जाते आणि शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा या जलाशयांचे पाणी महानगराची तहान भागवते. मुरबाडला मात्र अद्याप रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग हाच तेथील मुख्य आधार असून, त्या रस्त्यापासून आत गेले की सह्याद्रीच्या पायथ्याशी विखुरलेले पाडे लागतात. ठाकर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. शहापूर तालुक्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. या जमातींच्या मुलांच्या माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार ज्या शाळा उचलतात त्या शासकीय व अनुदानित आश्रमशाळा होत. शिक्षण, निवास, भोजन आणि गणवेश यांची विनामूल्य सोय असलेली निवासी शाळा म्हणजे आश्रमशाळा.

या कल्पनेची मुळे स्वातंत्र्यपूर्व काळात सापडतात. ठक्करबाप्पांनी 1922 साली दाहोद परिसरात भील सेवा मंडळ स्थापन केले आणि आदिवासी मुलांसाठी निवासी शिक्षणाचा पाया घातला. महाराष्ट्र शासनाने 1972-73 पासून क्षेत्रविकासाच्या दृष्टीने शासकीय आश्रमशाळा उघडण्यास प्रारंभ केला, 1983 मध्ये आदिवासी विकास हा स्वतंत्र विभाग झाला आणि आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून शहापूर तालुक्यातील टाकीपठार, मुरबाड तालुक्यातील भैरवगडाच्या पायथ्याचे मोरोशी अशा ठिकाणच्या शाळा त्याच्या अखत्यारीत येतात.

खेळाच्या बाबतीत या निवासी शाळांची स्थिती वेगळी आहे. शहरातील शाळेत खेळाचा तास वेळापत्रकातील एका चौकटीत मावतो आणि संध्याकाळ क्लास, बस व दूरचित्रवाणी यांच्या वाट्याला जाते. निवासी शाळेत शेवटची घंटा झाली तरी मूल तेथेच राहते. त्यामुळे साडेचार-पाचनंतरची दोन तासांची उघडी वेळ दररोज हाताशी असते आणि ती मैदानावरच जाते. शिवाय संघ एकाच छताखाली राहतो, जेवतो आणि झोपतो. सरावासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. या परिसरात कबड्डी आणि खो-खो रुजले याचे श्रेय परंपरेइतकेच या साध्या सोयीलाही दिले पाहिजे. दोन्ही खेळांना साहित्य जवळजवळ लागत नाही. चुना किंवा राखेने आखलेल्या रेषा आणि खो-खोसाठी दोन खांब एवढ्यावर काम भागते, आणि ज्या शाळेत क्रिकेटचे एक किट विकत घेणे हीसुद्धा कागदपत्रांची लढाई असते, तेथे ही गोष्ट निर्णायक ठरते.

कबड्डीत प्रत्येक बाजूला सात खेळाडू असतात. ‘चढाई’ करणारा खेळाडू प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, तीस सेकंदांच्या आत गडी बाद करून मध्यरेषेपलीकडे परततो किंवा त्याची ‘पकड’ होते. संपूर्ण संघ बाद झाला की त्याच्यावर ‘लोण’ चढतो आणि प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात. खो-खोचे गणित याहून सूक्ष्म आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याने एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलायची नसते आणि मध्यपाटी ओलांडायची नसते, तर पळणारा मात्र बसलेल्या गड्यांमधून मोकळेपणाने आरपार जाऊ शकतो. ही विषमता भरून काढण्याचे एकमेव साधन म्हणजे बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून दिलेला ‘खो’. म्हणजे या खेळात वेगापेक्षाही महत्त्वाचे असते ते आपण धाव केव्हा थांबवावी आणि ती कोणाच्या हवाली करावी हे ओळखणे, आणि ही जाण वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्या मुलामुलींत सहज येते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते आणि दोन्ही संघ विजयी झाले. ग्रामीण शाळांतील मुलींना या खेळाचा आता एक ओळखीचा चेहरा मिळाला आहे. पळण्याच्या बाबतीत असा चेहरा आधीपासून होता. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले होते.

आदिवासी विकास विभागाच्या क्रीडास्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि प्रकल्पस्तर, विभागस्तर, राज्यस्तर अशा पायऱ्यांनी चढत जातात. नाशिक, ठाणे, अमरावती आणि नागपूर हे चार विभाग असून शहापूरचा विजेता ठाणे विभागात खेळतो. क्रीडा विभागाच्या तालुका व जिल्हा स्पर्धांची शिडी याहून वेगळी. खालच्या पायऱ्यांवर मातीत अनवाणी खेळलेल्या मुलाला वर गेल्यावर मॅट आणि बूट यांना सामोरे जावे लागते, आणि मातीवर घट्ट रोवला जाणारा पाय मॅटवर वेगळ्या रीतीने थांबतो. पहिल्या सामन्यातील पराभवाचे कारण पुष्कळदा एवढेच असते. त्यातच अनेक शाळांत क्रीडा आणि कला शिक्षक कंत्राटी वा मानधनावर असतात, त्यामुळे दोन वर्षे घडवलेला संघ शिक्षकाबरोबर विस्कटतो.

संगीताची स्थिती निराळी आहे. शाळेतील अधिकृत संगीत सकाळच्या परिपाठात असते. राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, समूहगीत आणि बहुधा शेवटी पसायदान असा त्याचा क्रम असतो. साथीला पेटी आणि ढोलकी असली तर ती शाळा सुदैवी. खेळ आणि संगीत यांच्या सीमेवर लेझीम येते. लाकडी दांड्याला लोखंडी साखळी आणि साखळीत पत्र्याच्या चकत्या अशी तिची रचना असते. तिला सामूहिक कवायतीचे रूप देण्यात बडोद्याच्या प्रा. माणिकराव यांचे नाव आवर्जून घेतले जाते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ढोल व हलगीच्या ठेक्यावर चालणारी लेझीम आजही शाळेची शान समजली जाते, आणि ते रास्तच आहे.

मात्र ही मुले शाळेत येतात ती रिकाम्या कानांनी येत नाहीत. वारली पाड्यांवरचा तारपा हे फुंकून वाजवण्याचे वाद्य असते. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या छिद्रे पाडलेल्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा रुंद होत गेलेला कर्णा असे त्याचे रूप असते, आणि वादक दम तुटू न देता नाकाने श्वास घेत ते वाजवत राहतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात, म्हणून तारपेकऱ्याला एका अर्थी नाचाचा सूत्रधारच म्हटले पाहिजे. ठाकरांचा फेर ढोलकीवर चालतो, आणि भाद्रपदात गौरीच्या दिवसांत गावोगावी रात्री नाच रंगतात. शाळेत हे सारे येते ते मुख्यतः 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला, 15 नोव्हेंबरच्या बिरसा मुंडा जयंतीला आणि हिवाळ्यातील स्नेहसंमेलनाला, तेही अनेकदा ध्वनिमुद्रित गाण्यावर आणि भाड्याच्या पोशाखात. गौरीच्या नाचाला भाद्रपद सोडून डिसेंबरच्या रंगमंचावर आणले की तो एक ‘आयटम’ होतो. कबड्डीला शाळेने रोजचा सराव दिला आणि मुलांच्या घरच्या संगीताला वर्षातून तीन कार्यक्रम दिले, हा भेद कोणी मुद्दाम केलेला नसला तरी त्याचे परिणाम खरे आहेत.

दिवाळीनंतर भातकापणी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. नेमका हाच काळ स्पर्धांचा असतो, आणि वसतिगृहात राहून संघात खेळणाऱ्या मुलाला घरच्यांबरोबर भट्टीवर न जाण्याचे आणखी एक कारण मिळते. पाड्यावरचा फेरही ज्यांच्यावर अवलंबून असतो ती माणसे त्या दिवसांत पांगलेली असतात, आणि ती पोकळी भरून काढण्याची सोय शाळेकडे नाही.

पुढे जाऊन खेळ आणि घरचे संगीत यांतील हा भेद कागदावरही उतरतो. वरिष्ठ स्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्याला दहावीत सवलतीचे गुण मिळतात. पात्र खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत मैदानाची सवय थेट उपयोगी पडते. दहावीला लोककलेसाठीही वाढीव गुणांची तरतूद आहे, परंतु त्यासाठी संस्थेची कागदपत्रे लागतात. काकाकडून किंवा आजोबांकडून तारपा शिकलेल्या मुलाने ती कोठून आणावीत, याची सोय त्या तरतुदीत नाही. गावातील तारपेकऱ्याला मानधनावर आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेत बोलावणे आणि त्याच्या शिकवणीची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने ग्राह्य धरणे, एवढ्यानेही बराच प्रश्न सुटू शकेल. खर्चाच्या दृष्टीने ते कबड्डीच्या एका मॅटपेक्षा खूपच स्वस्त पडेल.