पावसाळी व वाऱ्याच्या भागात परसबागेचे कुंपण कसे बदलावे

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यास लागून आहे. इगतपुरी येथे वर्षास सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तेथून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने जमीन भिजलेली राहते आणि नैऋत्येचा वारा उघड्या माळावर जोराने वाहतो. येवल्याकडील कोरड्या जमिनीत पुष्कळ वर्षे उभा राहणारा खांब येथे त्यामानाने फार लवकर कुजतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वारा व पाऊस नाशिक जिल्ह्यापर्यंत पोहोचला होता, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

कुंपण पडले की नुकसान केवळ चार खांबांचे होत नाही. मोकाट जनावरांनी एका रात्रीत भाताचे आवण खाऊन टाकल्यास पुन्हा पेरणी करण्यास हंगाम उरत नाही. परसातील वाल, दोडका व वांगी गेल्यास घरातील भाजी जाते. म्हणून कुंपण मोडण्याची वाट न पाहता ते वेळीच बदलणे हिताचे असते.

खांब कोठे व का कुजतो

जुना खांब उपटून पाहिल्यास तो बहुधा जमिनीच्या पातळीवर, वीतभर वरखाली, कुजलेला आढळतो. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा ही दोन्ही लागतात. खोल मातीत हवा अपुरी असते आणि जमिनीच्या वर ओल टिकत नाही. दोन्हींचा संयोग होतो तो जमिनीच्या तोंडाशी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खांबाची बुडाजवळची माती थोडी उकरून सुरीचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज आत गेल्यास खांब वरून कितीही धड दिसत असला तरी तो निकामी झाला असे समजावे.

वाऱ्याचा भार

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. तसेच भरीव कुंपणाची उंची दुप्पट केली असता खांबाच्या बुडाशी येणारा ताणही चौपट होतो. यासाठी पत्रा, फळ्या किंवा लिंपलेला कारवीचा कूड यांचे उंच, भरीव कुंपण वाऱ्याच्या तोंडावर उभारू नये. असे कुंपण वाऱ्यास अडविते खरे, परंतु वारा त्याच्या डोक्यावरून जाऊन पलीकडे भोवऱ्यासारखा खाली उतरतो व रोपे लोळवितो. ज्या कुंपणातून निम्म्याच्या आसपास वारा गाळून जातो, ते स्वतः टिकते आणि उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत पिकास चांगला आडोसा देते. दोन मीटर उंचीच्या विरळ कुंपणाचा आडोसा याप्रमाणे सुमारे वीस मीटर पोहोचतो. बांबूच्या कामट्यांत बोट-दोन बोटे फट ठेवावी ती याच कारणाने.

जुने कुंपण काढताना

सर्व कुंपण एकदम उपटू नये. खरिपाची कापणी झाल्यावर जनावरे मोकळी सुटतात, तेव्हा एकेक बाजू घेऊन काम पुरे करावे. काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यास बोलावून हद्दीच्या खुणा पाहाव्यात. जुने कुंपण हद्दीवरच असते असे नाही. वाद असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी. नवे खांब रोवल्यानंतर उपटणे दोघांसही महाग पडते. हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर असते, म्हणून खड्डे खणताना दगड हलवू नयेत.

नवा खांब जुन्याच खड्ड्यात रोवू नये. तेथील माती सैल झालेली असते व तीत कुजक्या लाकडाचे अवशेष असतात. खड्डा हातभर बाजूस घ्यावा. जुन्या तारेचे तुकडे व खिळे वेचून काढावेत, अन्यथा ते चाऱ्यावाटे जनावरांच्या पोटात जातात.

नवा खांब रोवण्याची रीत

साग, खैर व बाभूळ यांच्या पक्क्या गाभ्याचे खांब टिकतात. कोवळ्या लाकडाचे किंवा सावरीसारख्या मऊ जातीचे खांब लवकर जातात. लाकूड सोलून सावलीत पूर्ण वाळवावे व मगच जमिनीत जाणाऱ्या भागास, आणि त्यावर वीतभर, डांबर द्यावे. ओल्या लाकडास डांबर दिल्यास ओल आतच कोंडली जाते. बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा व काही आठवडे पाण्यात बुडवून मग वाळवावा. त्यामुळे त्यातील पिठूळ अंश कमी होतो व भुसा पाडणाऱ्या किडीचा उपद्रव घटतो. ज्यांना परवडेल त्यांनी खांब सिमेंट काँक्रीटचे घेऊन मधली भरती बांबूची करावी.

खांबाचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत असावा. खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी घालावी म्हणजे पाणी साचत नाही. नंतर मुरूम थराथराने भरून प्रत्येक थर पहारीने ठोकावा व शेवटी बुडाभोवती मातीचा उतार करावा. खांबाचे डोके तिरपे कापावे. दोन खांबांत अडीच ते तीन मीटर अंतर पुरे; वाऱ्याच्या बाजूस ते कमी ठेवावे. कोपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांवर तारेचा सर्व ताण येतो, म्हणून ते जाड घेऊन अधिक खोल रोवावेत व त्यांस तिरपे टेकू द्यावेत.

सजीव कुंपण

लाकडी कुंपण पुन्हा पुन्हा बदलण्याचा खर्च टाळण्याचा खरा उपाय म्हणजे सजीव कुंपण होय. पूर्वी दख्खनमध्ये फड्या निवडुंगाची कुंपणे पुष्कळ होती. परंतु तो रानोमाळ पसरून जमिनी खाऊ लागला. १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणलेल्या कोचिनील जातीच्या किडीने त्याचा मोठा बंदोबस्त केला. म्हणून आपोआप पसरणारी जात निवडू नये.

जनावरांस अडविण्यासाठी सागरगोटा, चिल्हार व करवंद या काटेरी जाती योग्य होत. निरगुडी व गिरिपुष्प यांच्या फांद्या पावसाळ्याच्या आरंभी लावल्यास जीव धरतात. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतास उपयोगी पडतो. शेराचा चीक डोळ्यांस घातक व मोगली एरंडाच्या बिया विषारी असल्याने घराजवळ त्यांची लागवड टाळावी. दोन ओळी, हातभर अंतरावर, एकीच्या फटीसमोर दुसरीचे रोप येईल अशा लावाव्यात. कुंपण दाट होईपर्यंत दोन-तीन वर्षे बाहेरून लाकडी कुंपण राहू द्यावे. छाटणी बुडाशी रुंद व शेंड्याशी अरुंद अशी करावी. नाहीतर सावलीमुळे बूड उघडे पडते. कुंपणच शेत खाऊ नये यासाठी पिकाच्या बाजूस एक मीटर अंतरावर दीड-दोन फूट खोल चर काढून आत येणारी मुळे दरवर्षी तोडावीत.

दोन इशारे

वृक्षतोडीचे विनियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य अधिनियमानुसार साग, खैर व ऐन यांसारखी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांबूची गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनेतर जमिनीवरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला आहे.

दुसरा इशारा जिवाचा आहे. रानडुकरांच्या भयाने कुंपणाच्या तारेत घरातील वा पंपाची वीज सोडणे हा गुन्हा आहे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास असा स्पर्श बहुधा प्राणघातक ठरतो, आणि पहिला हात पुष्कळदा घरच्याच माणसाचा लागतो.

दिवाळीनंतर लाकूड व बांबू जमवून वाळवावेत, उन्हाळ्यात खांब रोवावेत व मृगाच्या पावसावर सजीव कुंपणाची लागवड करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या परसात अशी एक बाजू उभी करून दाखविल्यास शेजारच्यांस ती रीत पाहून उचलता येईल.