विश्लेषण : शॉर्ट लाखभर लोकांनी पाहिला, तरी चॅनल का वाढत नाही?

ठिबक सिंचनाची माहिती असो की दहावीचे गणित, नव्याने व्हिडिओ करणाऱ्या बहुतेकांचा जीव एकाच आकड्यात अडकलेला असतो : व्ह्यूज. एखादा शॉर्ट अचानक लाखभर लोकांपर्यंत जातो, घरात पेढे वाटले जातात आणि पुढचा व्हिडिओ दोनशेवरच थांबतो. असे का होते? आणि यूट्यूबची पहिली कमाई हाती येण्याआधी काय जमवावे लागते?

नियम काय सांगतो?

जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा, तर १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांवरही दार किलकिले होते, पण ते मेंबरशिपसारख्या, प्रेक्षकांनी थेट दिलेल्या पैशांपुरते. शिवाय ९० दिवसांत किमान तीन व्हिडिओ टाकलेले असावे लागतात.

४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबला, तर वर्षभरात ६० हजार व्ह्यूज हवेत, म्हणजे रोज साधारण १६५. तो दोनच मिनिटांत निघून गेला, तर दुप्पट. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिली गेलेली मिनिटे या हिशेबात धरलीच जात नाहीत. नवख्यांची फसगत होते ती नेमकी इथे.

मग लाख व्ह्यूज जातात कुठे?

शॉर्ट प्रेक्षकाने शोधलेला नसतो. बोटाने स्क्रीन सरकवताना तो समोर येतो, पाहणारा हसतो आणि पुढे जातो. चॅनलचे नाव त्याने वाचलेलेही नसते. याउलट 'वीजबिलावरचे नाव कसे बदलायचे' असे शोधत आलेला माणूस गरजेपोटी आलेला असतो. त्याचे काम झाले, तर तो चॅनल लक्षात ठेवण्याची शक्यता जास्त. असे व्हिडिओ पहिल्या दिवशी फारसे चालत नाहीत, पण वर्षभर थोडे थोडे पाहिले जातात.

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली प्रेक्षक कुठे गळाला याचा आलेख असतो. नव्या माणसाने व्ह्यूजपेक्षा तो आधी पाहावा. 'नमस्कार मित्रांनो, लाइक करा, बेल दाबा' यात पहिली ३० सेकंदे घालवली, तर घसरण तिथेच दिसते. भाऊबंदांना आग्रह करून वाढवलेले सबस्क्रायबरही कामाचे नाहीत. ते व्हिडिओ उघडत नाहीत. 'तू मला कर, मी तुला करतो' हा सौदा तर यूट्यूबच्या नियमांतच बसत नाही.

मराठीत प्रेक्षक आहे का?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. प्रेक्षक आहे, वेळ मात्र लागतो. मधुरा बाचल यांनी यूट्यूबवर पाककृती दाखवायला २००९ मध्ये सुरुवात केली. जिओचा स्वस्त डेटा आला २०१६ मध्ये. 'भाडिपा'ही २०१६ चीच. दोघांचेही विषय घरातलेच : एकीकडे स्वयंपाक, दुसरीकडे मराठी कुटुंबातले रोजचे संवाद.

एकाच ॲपवर विसंबावे का?

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही होते. खेड्यापाड्यांतल्या अनेकांचा लाखोंचा प्रेक्षकवर्ग रातोरात गेला. व्हिडिओ फोनमध्ये राहिले असतील, पण पाहणाऱ्यांची यादी कुणाकडेच नव्हती. म्हणून दुसऱ्याच्या जागेत टपरी चालवणाऱ्याने गिऱ्हाइकांचे पत्ते स्वतःच्या वहीत ठेवावेत. त्यासाठी व्हॉट्सॲप चॅनलही पुरे नाही, तेही कंपनीचेच. प्रेक्षकांनी राजीखुशीने दिलेले ईमेल किंवा फोन नंबर तेवढे आपले.

पहिली जाहिरात आली तर?

थोडा प्रेक्षक जमला, की स्थानिक दुकानदार किंवा क्लासवाले विचारू लागतात. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल, तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओतच स्पष्ट सांगावे लागते. खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.