चोरी आणि चोर
समजा, भिलाईच्या पोलाद कारखान्यालगत एका पंधरा वर्षांच्या मुलाने भंगार लोखंड चोरले. 2015 च्या बालन्याय कायद्यान्वये त्याला कोठडीत ठेवता येत नाही. पकडल्यास चोवीस तासांत दुर्ग जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. 2016 च्या आदर्श नियमांनुसार, प्रौढ साथीदार नसल्यास, अशा चोरीचा प्रथम खबरी अहवालही नोंदवावयाचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाचे घर, शाळा, सोबती यांचा सामाजिक अहवाल मंडळाकडे धाडावयाचा. खरी कसोटी येथेच! हा अहवाल घाईने भरला, तर मंडळापुढे केवळ चोरी येते, मुलगा येत नाही. गुन्हा शाबीत झाल्यावरही मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकते. ते भंगार जाणूनबुजून विकत घेणाऱ्या प्रौढाला मात्र ही सवलत नाही.