शिकागोच्या वेशीवरचं गाव : ओक पार्क

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. तिथे गाव असतं, गावाला पंचायत असते, हे पटकन ध्यानात येत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका गावाची माहिती सांगणार आहे. गावाचं नाव ओक पार्क. इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या मध्यभागापासून पश्चिमेला साधारण चौदा किलोमीटरवर.

गाव म्हणजे शेतं, गोठे असं मात्र समजू नका. लोकवस्ती पन्नास हजारांच्या वर, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाणच. शेती नाही. शहरात नोकरीला जाणारे लोक, दोन मार्गांवरच्या लोकल गाड्या, झाडांच्या सावलीतले रस्ते. पण इलिनॉयच्या कायद्यात ‘गाव’ हा स्थानिक कारभाराचा एक प्रकार आहे, आणि 1902 साली स्वतःचा कारभार हातात घेतल्यापासून ओक पार्क कायद्याने गावच आहे. आपल्या सरपंचासारखा एक अध्यक्ष, सहा सदस्य आणि एक लिपिक, सगळे लोकांनी निवडून दिलेले. शाळांची मंडळं वेगळी, बागांचं वेगळं, वाचनालयाचं वेगळं. त्यांच्याही निवडणुका होतात आणि घरपट्टीतला प्रत्येकाचा वाटा वेगळा. घरपट्टी भारी आहे आणि त्यावरून कुरकुरही भारी आहे! रात्री रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी, हा तिथला आणखी एक कायमचा वादाचा विषय.

बायकांच्या दृष्टीने एक गोष्ट सांगते. इलिनॉयमध्ये 1913 साली बायकांना गावच्या निवडणुकीत आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं. तो कायदा व्हावा म्हणून राज्यभर झटणाऱ्या संघटनेच्या अध्यक्ष ग्रेस विल्बर ट्राउट या ओक पार्कच्याच. आणि आपल्याकडे ‘आडवी बाटली’साठी मतदान घेणाऱ्या बायांना हे आवडेल : या गावात 1973 पर्यंत हॉटेलातसुद्धा दारू मिळत नव्हती.

प्रवासी येतात ते फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने बांधलेली घरं पाहायला, आणि हेमिंग्वे हा लेखक जिथे जन्मला ते घर पाहायला. मला मात्र तुम्हाला तिसऱ्याच एका घराबद्दल सांगायचं आहे.

डॉ. पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत राहिलेले. काचबिंदूवरचं एक औषध त्यांनी 1935 साली प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. पुढे त्यांनी काम केलं ते सोयाबीनवर. हो, तुमच्या-माझ्या शिवारातलं सोयाबीन. त्यातून त्यांनी आग विझवणारा फेस बनवायला प्रथिनं काढली, आणि बायकांच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात बनवायची रीत बसवली. त्यांच्या पत्नी ॲना यासुद्धा डॉक्टरेट मिळवलेल्या समाजशास्त्रज्ञ. अशा या जोडप्याने 1950 साली ओक पार्कमध्ये घर घेतलं. राहायला येण्याआधीच घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये कोणीतरी घरावर सुरुंगाची कांडी फेकली. आईवडील परगावी, मुलं घरात. मुलं वाचली. नंतर कित्येक रात्री बाप-लेक बंदूक घेऊन अंगणातल्या झाडावर पहारा देत बसले. ही काही चांगली बाजू नाही गावाची, पण सांगायलाच हवी. शेजाऱ्यांपैकी काही जण त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही खरं. ज्युलियन हटले नाहीत. 1975 साली वारले तोवर तिथेच राहिले. आज गावातल्या एका शाळेला त्यांचं नाव आहे.

आता पुढचा भाग नीट ऐका. ओक पार्कच्या पूर्वेला एक रस्ता आहे, ऑस्टिन बुलेव्हार्ड. रस्त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे शिकागोची ऑस्टिन वस्ती. 1960 नंतर ऑस्टिनमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येऊ लागली. तेव्हा घरांचे दलाल गोऱ्या लोकांच्या दारात जाऊन म्हणायचे, “आत्ताच विका, उद्या भाव पडेल.” घाबरून लोक विकत, म्हणून भाव पडे, आणि पडलेला भाव दाखवून दलाल शेजारच्याला घाबरवत. स्वस्तात घेतलेली घरं ते नव्या कुटुंबांना चढ्या दराने विकत. वर बँका अशा वस्तीला कर्ज देत नसत. थोड्याच वर्षांत अख्खी वस्ती पालटली.

ही लाट रस्ता ओलांडणार, हे ओक पार्कला दिसत होतं. 1968 साली गावाने ठराव केला की वर्ण पाहून घर नाकारता येणार नाही. 1972 साली रॉबर्टा रेमंड या बाईंनी एक घरकुल केंद्र सुरू केलं. भाड्याने घर शोधणाऱ्याला तिथे समजावून सांगत : तुमच्या वर्णाची माणसं जिथे नाहीत, तिथलं घरही पाहा. म्हणजे कोणताच मोहल्ला एका वर्णाचा होऊ नये. ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या लावणंही गावाने बंद केलं, कारण गल्लीत चार पाट्या दिसल्या की पाचवा घाबरतो. न्यायालयात अशी बंदी टिकत नाही असं पुढे ठरलं, तरी तिथल्या दलालांनी आपण होऊन पाट्या टाळल्या. आणि सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे भावाची हमी. नाव नोंदवून पाच वर्षं थांबा, मग घर तोट्यात गेलं तर तोट्यातले शंभरातले ऐंशी गाव भरून देईल. भीतीचं मूळ पैशात होतं, ते गावाने ओळखलं.

1970 साली ओक पार्कमध्ये शंभरात एकही कृष्णवर्णीय नव्हता. आज साधारण पाचात एक आहे, आणि गोरे पळून गेले नाहीत. गावाने आपलं नवं कार्यालयसुद्धा 1975 साली मुद्दाम पूर्वेकडे, ऑस्टिनच्या बाजूला बांधलं.

पण टीकाही झाली. कोणी कुठे राहावं हे केंद्राने का सुचवायचं, असं अनेक कृष्णवर्णीयांनीच विचारलं. आम्ही जास्त झालो तर बिघडतं, असाच त्याचा अर्थ नाही का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. शिवाय ऑस्टिनकडे जाणाऱ्या कितीतरी गल्ल्यांची तोंडं गावाने बंद केली आहेत. कारण सांगतात वाहतुकीचं. पलीकडची ऑस्टिन वस्ती आजही बहुतेक कृष्णवर्णीयांची आहे आणि ओक पार्कपेक्षा पुष्कळ गरीब आहे. मधे आहे तो एक रस्ता, पायी ओलांडायला मिनिटही लागत नाही.