परिचारिकांची स्वेच्छानिवृत्ती : आधी हिशेब, मग अर्ज

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) : राजूर म्हटले की राजुरेश्वर गणपती आणि अंगारकीची गर्दी आठवते. याच परिसरातील खेड्यांत लसीकरण, प्रसूती आणि घरभेटींचा भार वर्षानुवर्षे वाहणाऱ्या आरोग्य सेविकांना पन्नाशीच्या आसपास एक प्रश्न पडतो. अठ्ठावन्न वर्षांपर्यंत न थांबता निवृत्ती घेतली, तर निवृत्तिवेतन मिळेल का?

उत्तर 'होय' असे आहे. मात्र त्याला अटी आहेत.

वीस वर्षांची अट

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ नुसार २० वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्यास नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांबरोबरच जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकांनाही हे नियम लागू आहेत. मुदत संपण्यापूर्वी प्राधिकाऱ्याने परवानगी नाकारली नाही, तर निवृत्ती आपोआप अमलात येते. दिलेली नोटीस मागे घ्यायची असल्यास मात्र प्राधिकाऱ्याची मान्यता लागते.

नोकरीची वर्षे आणि अर्हताकारी सेवा यांत फरक आहे. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे घेतलेली असाधारण रजा सेवेत धरली जाते. घरगुती कारणासाठी घेतलेली बिनपगारी रजा सहसा धरली जात नाही. समजा, एखादी सेविका १ जुलै २००५ रोजी रुजू झाली आणि तिने अशी १४ महिन्यांची रजा घेतली. तिची वीस वर्षे जून २०२५ अखेर नव्हे, तर ऑगस्ट २०२६ अखेर पूर्ण होतात. त्यामुळे नोटीस देण्यापूर्वी सेवापुस्तकातील नोंदी तपासून सेवेची खात्री कार्यालयाकडून लेखी करून घेणे हिताचे ठरते.

राजीनामा नको

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वेच्छानिवृत्तीऐवजी राजीनामा देणे. नियम ४६ नुसार राजीनाम्यामुळे पूर्वीची सेवा जप्त होते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क जातो. आजारपणामुळे काम करणे कायमचे अशक्य झाले असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर रुग्णता निवृत्तिवेतनाची वेगळी तरतूद आहे.

२००५ नंतरच्यांचे काय?

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी योजना लागू नाही. त्यांच्यासाठी प्रथम परिभाषित अंशदान योजना व पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली. तिच्यात मिळणारी रक्कम खात्यात साठलेल्या निधीवर अवलंबून असते. नोकरी लवकर सोडल्यास निधीही कमी साठतो. भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वीची असलेल्यांना २०२४ मध्ये जुन्या योजनेचा एकवेळ पर्याय देण्यात आला होता.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकांना १९८२ च्या नियमांचा लाभ नाही. खासगी रुग्णालयात भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ उपयोगी पडते. दहा वर्षांची सेवा झालेल्या व नोकरी सोडलेल्या सदस्यास पन्नाशीनंतर मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेता येते; मात्र अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते.

थोडक्यात, रुजू झाल्याची तारीख, अर्हताकारी सेवा आणि अर्जावरील शब्द या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. अर्जावर 'राजीनामा' हा एक शब्द पडला, तर वीस वर्षांची सेवा हातची जाऊ शकते.