आधी तळ, मग पत्रा!

स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, हे हल्ली घरातल्या बाईला विचारतात. पण परसात सामानाची खोली बांधायची म्हटलं, की सगळा कारभार पुरुषांचा आणि मिस्त्रीचा. चर्चा होते ती पत्र्याची नि कुलपाची. ज्यावर माल बसणार त्या तळाचं काय?

मी ज्या बचत गटांबरोबर काम करते, त्यातल्या एका गटाने गहू आणि तूरडाळीची पोती परसातल्या खोलीत थेट शहाबादी फरशीवर रचली होती. श्रावणात कुबट वास आला म्हणून थप्पी उतरवली, तर खालचा थर बुरशीने काळा पडलेला. माल गेला, कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. आपल्या आज्या कणगी थेट भुईवर ठेवत नसत, खाली दगड किंवा ओंडके घालत. ते उगाच नव्हतं.

नवी खोली करताना या बायकांनी आधी वजनाचा हिशेब मांडला. खोली १० बाय ८ फूट, म्हणजे ८० चौरस फूट. माल २० क्विंटल. सगळीकडे सारखा पसरला तर चौरस फुटाला २५ किलो. पण पोती पसरत नाहीत, त्यांची थप्पी लागते! ५० किलोची पाच पोती एकावर एक ठेवली, की साधारण सहा चौरस फुटांवर २५० किलो. म्हणजे चौरस फुटाला ४० किलोंच्याही वर. तळ पेलायला हवा तो हा भार.

मग ठरलं ते असं. विटांचे नऊ खांब, तीन ओळींत तीन-तीन, जमिनीपासून दीड फूट वर. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर बांधलेला खांब तिच्याबरोबर हलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणून खाली काँक्रीट घातलं. खांबांवर ३ बाय ६ इंची तीन तुळया लांबीच्या बाजूने. त्यांवर आडव्या २ बाय ४ इंची पट्ट्या, दर सव्वा फुटाला एक, आणि वर इंचभर जाडीच्या फळ्या. वीट आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागद, म्हणजे ओल वर चढत नाही.

सुतारमामा म्हणाले, "पट्ट्या पालथ्या टाकू, टेकायला बऱ्या." एका ताईने मुलाची शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी आणली. सपाट धरून दाबली तर वाकली, उभी धरून दाबली तर हलेना. मामा हसले आणि पट्ट्या उभ्या बसवल्या. यामागचं गणितही साधं आहे. लाकडाची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट!

चौकट काटकोनात आहे का, हेही टेपने तपासता येतं. कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला ८ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट भरलं पाहिजे. खांबांची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून बघायची. दोन टोकांचं पाणी सारख्या उंचीवर थांबतं.

आता थोडं घरकाम. तळाखालची जागा मोकळी ठेवा. तिथे सरपण, गोवऱ्या रचल्या की उंदीर आणि सापांचीच सोय होते. महिन्यातून एकदा वाकून झाडू फिरवा आणि खांबांवर वाळवीची मातीची रेघ दिसते का ते बघा. पोती भिंतीपासून हातभर लांब ठेवा, थप्पी तुळईवर येईल अशी लावा.

मैत्रिणींनो, मिस्त्री आला की चहा देऊन आत जाऊ नका. टेप हातात घ्या आणि पहिला प्रश्न विचारा, "दादा, हा तळ किती किलो पेलेल?" माल आपला आहे, हप्ताही आपणच फेडणार आहोत.