तीव्र अ‍ॅलर्जी : रक्त कधी तपासायचे आणि कशासाठी

पंगतीत जेवताना किंवा गांधीलमाशी चावल्यावर एखाद्याच्या अंगावर झपाट्याने पित्त उठते, ओठ सुजतात, श्वास लागतो, चक्कर येते. ही तीव्र अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. अशा वेळी आपल्या घरांत आमसुलाचे पाणी चोळायला घेतात. त्यात वेळ दवडू नये. मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. कुठल्याही तपासणीसाठी ते थांबवायचे नसते.

उपचार सुरू झाले की मात्र डॉक्टरांना ‘ट्रिप्टेज’बद्दल जरूर विचारावे. अ‍ॅलर्जीत शरीरातल्या मास्ट पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हे द्रव्य रक्तात येते. साधारण दीड तासात ते सर्वाधिक असते, मग दर दोनेक तासांनी निम्मे होत जाते. म्हणून नमुना १ ते ४ तासांत घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेला एकटा नमुना फारसे सांगत नाही, पण २४ तासांनंतरचा नमुना तुलनेसाठी हवाच. नेहमीच्या पातळीची १.२ पट अधिक २, एवढ्यापेक्षा आकडा जास्त असेल तर मास्ट पेशी खवळल्याचा पुरावा मिळतो. नेहमीची पातळी ५ असेल, तर ८ च्या वरचा आकडा महत्त्वाचा. मग छापील रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेले का असेना! खाण्यातून आलेल्या अ‍ॅलर्जीत मात्र ट्रिप्टेज पुष्कळदा वाढतच नाही. तेवढ्यावरून ‘काही झाले नव्हते’ असे म्हणता येत नाही.

कशामुळे झाले, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी त्या त्या पदार्थाविरुद्धचे ‘आयजीई’ रक्तात मोजतात किंवा त्वचेवर टोचून पाहतात. त्वचेची तपासणी सहसा ४ ते ६ आठवड्यांनी करतात. झटक्यानंतर लगेच केल्यास खोटे ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. तसेच ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असे नाही. रोज दाण्याचे कूट घातलेली खिचडी सुखाने खाणाऱ्याच्या रक्तातही शेंगदाण्याचे आयजीई सापडते. त्याचे दाणे बंद करणे हा त्याच्यावर अन्यायच. शेकडो पदार्थांच्या ‘आयजीजी’ पॅकेजवर तर पैसे घालवूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते फक्त तुम्ही काय खाता ते दाखवते.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जाताना एक कागद न्यावा : आधीच्या काही तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली (वेदनाशामकही), काय चावले, व्यायाम झाला होता का, आणि किती मिनिटांत त्रास सुरू झाला. पाकीटबंद पदार्थ असेल तर त्याचे वेष्टनही सोबत ठेवावे.